शंभर मिलिलिटरचा डबा

गेल्या वर्षी जून महिन्यात माझी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरचे सहा आठवडे मी पुण्यातल्या एका घरगुती डबासेवेवर काढले. ही सेवा फक्त बेरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याची, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसाठी डबे करते. एक आहारतज्ज्ञ आणि स्वयंपाक करणाऱ्या एक काकू, अशा दोघीजणी सिंहगड रस्त्यावरच्या एका सदनिकेतून ती चालवतात आणि हाताखाली दोन मुले डबे पोहोचवायला आहेत. सेवेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढे काही तक्रारी मांडणार आहे आणि त्यांपैकी बऱ्याचशा त्यांनी नंतर दुरुस्तही केल्या, त्यामुळे जुन्या चुका त्यांच्या नावावर कायमच्या चिकटून राहाव्यात असे मला वाटत नाही. शिवाय अशा सेवा आता बऱ्याच ठिकाणी निघाल्या आहेत, तेव्हा त्यांतली एखादी निवडताना काय पाहावे, हे नावापेक्षा अधिक कामाचे ठरेल.

आधी माझी परिस्थिती सांगते, म्हणजे माझा अनुभव आपल्याला कितपत लागू आहे हे वाचणाऱ्यांना ठरवता येईल. माझे वय ४६, उंची १५८ सेंटिमीटर आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी वजन ११२ किलो होते, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, जवळपास ४५. आठ वर्षांचा मधुमेह होता आणि रात्री झोपताना श्वासासाठी यंत्र लावावे लागत असे. विमा नियामकाच्या निकषांत बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर विकार, अशी अट असल्यामुळे शस्त्रक्रियेचा खर्च विम्यातून मिळाला. डब्याचा अर्थातच मिळाला नाही. माझी शस्त्रक्रिया स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी प्रकारची होती. तीत जठराचा बाहेरच्या बाजूचा फुगीर भाग, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के जठर, काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी मागे ठेवतात. सुरुवातीला या नळीत शंभर-दीडशे मिलिलिटरच मावते. भुकेची जाणीव देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढून टाकलेल्या भागातच तयार होत असल्यामुळे पहिले काही महिने भूक जवळजवळ लागतच नाही. ज्या बाईने आयुष्यभर भुकेशी भांडण केले, तिला आता घड्याळ लावून, भूक नसताना, औषधासारखे जेवायचे असते. ही गोष्ट आधी कितीही वेळा ऐकली असली तरी प्रत्यक्ष त्या दिवसांत गेल्याशिवाय समजत नाही.

डबा लावावा असे आमच्या घरात सुरुवातीला कोणालाच वाटले नव्हते. चार माणसांचा स्वयंपाक रोज होतो, त्यातच एक वाटीभर वरणाचे पाणी काढायला काय लागते, असा सासूबाईंचा रास्त प्रश्न होता. रुग्णालयातून घरी आल्यावर दोनच दिवसांत उत्तर मिळाले. मिक्सरच्या सर्वांत लहान भांड्यातही शंभर मिलिलिटर कढण नीट वाटले जात नाही, ते पात्याखाली बसते आणि वर साल तरंगते. म्हणून अर्धा लिटर करायचे, त्यातले शंभर घ्यायचे आणि उरलेले चारशे कोणी खायचे यावर घरात चर्चा करायची. रुग्णालयाने दिलेल्या आहारतक्त्यात ब्रोकोलीचे सूप आणि ओट्सची पेज होती; तक्त्यात चूक काहीच नव्हती, पण आमच्या स्वयंपाकघराला तो परका होता. तिसऱ्या दिवशी यजमानांनी डबासेवेला फोन केला.

त्यांची पद्धत अशी होती. रविवार सोडून रोज सकाळी आठच्या सुमारास स्टीलचे सहा लहान डबे एका पिशवीतून येत. प्रत्येक डबा काठोकाठ भरला तरी शंभर मिलिलिटरचा, आणि झाकणावर एक ते सहा आकडे कोरलेले. डब्यावरच्या चिठ्ठीवर पदार्थाचे नाव, खायची वेळ, फ्रीजमध्ये ठेवायचा की नाही आणि प्रथिने किती ग्रॅम, इतके लिहिलेले असे. आदल्या दिवशीचे रिकामे सहा डबे परत न्यायचे, अशी अदलाबदल चालायची, त्यामुळे बारा डब्यांची सहाशे रुपये अनामत आधी भरावी लागली. पातळ आहाराच्या दोन आठवड्यांत दिवसाला ६०० रुपये आणि पुढच्या चार आठवड्यांत ७२० रुपये दर होता. सहा रविवार वगळून ३६ दिवसांचे २४,४८० रुपये झाले. रक्कम लहान नाही आणि ती वाजवी होती की नाही याकडे मी नंतर येते. अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक पिशवीवर छापलेला होता, हे मी पहिल्याच दिवशी पाहून घेतले. घरगुती म्हणून चालणाऱ्या बऱ्याच सेवा एवढेही करत नाहीत.

पहिल्या दोन आठवड्यांसाठी या सेवेला मी हात राखून न ठेवता चांगले म्हणेन. पातळ म्हणजे बेचव, हा समज काकूंनी पहिल्या दिवशीच खोटा ठरवला. कुळथाचे कढण त्या कुळीथ आधी कोरडे भाजून करत, त्यामुळे त्याला एक खमंग वास असे आणि ते गाळून इतके सैल केलेले असे की चमच्यावरून पाण्यासारखे ओघळे. मुगाच्या कढणाला जिऱ्याची फोडणी असे, पण जिरे गाळून काढलेले. ताक लोणी पूर्ण काढलेले, सुंठ आणि सैंधव घातलेले. सगळ्यांत वरचढ होते ते आठवड्यातून तीन दिवस येणारे अळणी. माझे माहेर कोल्हापूरचे. तिथे मटण शिजवताना तिखट-मसाला पडण्याआधी जो पहिला रस्सा निघतो, तो अळणी म्हणून लहान मुलांना, आजाऱ्यांना आणि बाळंतिणीला वाटीभर देतात. काकूंना मी फोनवर हे बोलले, तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो ताई, मी कागलची. तुम्ही सांगायच्या आधीच यादीत आहे ते.” फरक एवढाच की त्या अळणी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून वर जमलेला चरबीचा थर सकाळी काढून टाकत, आणि मगच गाळून डब्यात भरत. शस्त्रक्रियेनंतरच्या नवव्या दिवशी तो डबा उघडल्यावर जो वास आला, त्याने माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

शंभर मिलिलिटर संपवायला त्या दिवसांत मला अर्धा तास लागे. चमचा चहाचा, तोही अर्धा भरलेला, आणि दोन चमच्यांमध्ये थांबायचे. डब्यासोबत पहिल्या दिवशी एक छापील पान आले होते, त्यात हे सगळे साध्या मराठीत लिहिलेले होते: चमच्याने खा, नळीने ओढून पिऊ नका, फेसाळणारी पेये टाळा, जेवताना पाणी पिऊ नका आणि जेवण झाल्यावर अर्धा तास थांबून मग घोट घोट पाणी सुरू करा. जेवताना पाणी नाही, हा नियम आपल्याकडे वाटतो तितका सोपा नाही. आमच्या घरात पान वाढण्याआधी तांब्या-भांडे ठेवले जाते आणि हात सवयीने तिकडे जातोच. शेवटी माझ्या मुलीने तांब्या उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला, तो आजही तिथेच आहे. दिवसभरात दीड लिटर द्रव पोटात जावा लागतो आणि तो सहा डब्यांच्या मधल्या वेळात बसवायचा असतो. चिठ्ठ्यांवरच्या वेळा या हिशेबाने आखलेल्या होत्या, दोन डब्यांमध्ये अडीच तास मोकळे होते, आणि ही आखणी मला त्यांच्या स्वयंपाकाइतकीच मोलाची वाटली.

पंधराव्या दिवशी घोटलेले अन्न सुरू झाले. डब्यात मऊ वरण, वाटलेला दुधी आणि दोन चमचे चक्का होता. सासूबाईंनी कपाटातून नातीची जुनी चांदीची वाटी काढून आणली, तिला पदर लावून पुसले आणि वरण तीत ओतले. “बस पाटावर,” त्या म्हणाल्या, “तुझं हे दुसरं उष्टावण.” मी म्हटले, “आई, पाटावर बसता येत नाही हो, टाके ओढतात.” “मग खुर्चीवर बस, पण पहिला चमचा मी भरवणार.” आणि त्यांनी तो भरवला. आठवडाभर ‘एवढंसं काय खातेस’ म्हणून रागावणाऱ्या सासूबाई त्या दिवसापासून माझ्या चमच्यांचा हिशेब ठेवू लागल्या, आणि चौथ्या चमच्यानंतर मी थांबले तर पाचव्याचा आग्रह करेनाशा झाल्या. सेवेच्या परीक्षणात याची जागा नाही असे कोणी म्हणेल. मात्र लहान डब्याने आमच्या घराला काही शिकवले असेल तर ते हेच, आणि तक्त्याने ते शिकवले नसते.

आता तक्रारी. पहिली अठराव्या दिवसाची. तिसऱ्या क्रमांकाच्या डब्यात लाल भोपळा आणि मुगाची घोटलेली भाजी होती, चवीला उत्तम, पण तीत ओल्या नारळाचा चव घातलेला होता आणि तो वाटलेला नव्हता. आपल्याकडे अशा भाजीवर नारळ पेरला नाही तर सुगरणीचा हात थरथरतो, हे मला मान्य आहे. पण नव्याने शिवलेल्या, सुजलेल्या नळीला नारळाचा चोथा ही परीक्षाच असते. तिसऱ्या चमच्यानंतर छातीच्या मधोमध काहीतरी अडकल्यासारखे झाले, तोंडाला सारखे पाणी सुटू लागले आणि पाऊण तास मी मोरीजवळ उभी राहून फेसाळ लाळ थुंकत होते. उलटी होऊन गेल्यावर बरे वाटले. आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला, तेव्हा त्यांनी चूक लगेच मान्य केली. मला अधिक भावले ते त्यांचे पुढचे बोलणे. “आज उरलेले डबे खाऊ नका. आधी डॉक्टरांना फोन करून सगळं सांगा. ताप आला, नाडी फार जलद झाली किंवा पोटात जोरात दुखलं तर थेट रुग्णालयात जा, माझी वाट पाहू नका. उद्या परत पातळ आहार पाठवते.” जठर कापून जिथे बारीक पिनांनी (स्टेपल) जोडलेले असते त्या जागेतून गळती होणे हा या शस्त्रक्रियेतल्या सर्वांत गंभीर धोक्यांपैकी एक आणि त्याच्या खुणा याच असतात. शिवाय उलट्या होतच राहिल्या तर थायमिन हे जीवनसत्त्व झपाट्याने कमी होऊन मज्जासंस्थेला इजा होऊ शकते, तेव्हा त्या अंगावर काढायच्या नसतात. डबे विकणाऱ्या बाईने डबा खाऊ नका म्हणून सांगावे, यात तिची पारख होते. माझ्या बाबतीत पुढे काही झाले नाही आणि त्या दिवसानंतर नारळ यादीतून गेला.

दुसरी तक्रार अधिक मुळाशी जाणारी आहे, कारण ती चिठ्ठीवरच्या आकड्यांची आहे. मुगाच्या कढणाच्या डब्यावर ‘प्रथिने १२ ग्रॅम’ असे लिहिलेले असे. मी पदवीला वाणिज्य शिकले असले तरी हा आकडा मला खटकत राहिला. मुगाच्या शंभर ग्रॅम कच्च्या डाळीत साधारण २४ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे एका डब्यात १२ ग्रॅम यायची असतील तर त्यात ५० ग्रॅम डाळ हवी. पन्नास ग्रॅम डाळ शिजली की एकटी डाळच शंभर मिलिलिटरच्या डब्यातून बाहेर येते. चमच्यावरून ओघळणारे, गाळलेले कढण त्यातून होणे शक्यच नाही. घरी वजनकाट्यावर २० ग्रॅम डाळ मोजून, शिजवून, वाटून, गाळून पाहिली, तर त्यांच्या कढणाइतके सैल कढण तयार झाले. म्हणजे फार तर ५ ग्रॅम, आणि गाळणीत राहिलेला गाळ धरला तर त्याहून कमीच. असेच सहाही डब्यांचे केले. त्यांच्या चिठ्ठ्यांची बेरीज दिवसाला ६४ ग्रॅम होत होती, माझी चाळिशीही गाठत नव्हती.

हा फरक क्षुल्लक नाही. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असे डॉक्टर बजावून सांगतात. ती कमी पडली तर चरबीसोबत स्नायूही झिजतात, थकवा जात नाही आणि जखमा भरायला वेळ लागतो. चिठ्ठीवर विसंबून मी प्रथिनांची भुकटी एक वेळ कमी केली होती, म्हणजे चुकीच्या आकड्याने माझे प्रत्यक्ष नुकसान झाले होते. मी कागदावर सगळा हिशेब मांडून पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. मग फोन आला की आकडे कच्च्या जिन्नसांच्या सर्वसाधारण तक्त्यावरून घेतले होते, प्रत्येक पदार्थाचे वजन करून काढलेले नव्हते. पुढच्या सोमवारपासून चिठ्ठ्या बदलल्या, कढणावर ‘४ ग्रॅम’ आले, आणि दोन डब्यांत चव नसलेली भुकटी घालून बेरीज वर नेली. दुरुस्ती झाली हे खरे, परंतु माझ्या आधी ज्यांनी हे डबे घेतले त्यांना कोणी कळवले का, या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले नाही. असा कोणताही डबा लावणार असाल, तर पहिल्याच दिवशी आकडे कच्च्याचे की शिजलेल्याचे, हे विचारून घ्यावे. घरच्या घरी पडताळायला फार लागत नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम, शंभर मिलिलिटर दुधात सव्वातीन ग्रॅमच्या आसपास, शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम, एवढे लक्षात असले तरी खोटा आकडा डोळ्यांत भरतो.

भुकटीच्या बाबतीत काकूंचे एक तंत्र मात्र मी कायमचे उचलले. गरम कढणात ती टाकली की दूध नासल्यासारख्या गुठळ्या होतात आणि त्या घशाखाली उतरत नाहीत. काकू भुकटी आधी थोड्या गार पाण्यात किंवा ताकात कालवून घेत आणि कढण कोमट झाल्यावर शेवटी मिसळत. व्हॅनिला किंवा चॉकलेटच्या गोड भुकट्यांचा मला आठवडाभरात वीट आला होता. बिनचवीची भुकटी कुळथाच्या कढणात गेल्यावर तिचा पत्ताही लागत नसे. दुधाने पोट बिघडत असेल तर आयसोलेट प्रकारची भुकटी घ्यावी, तीत दुधाची साखर फारच कमी असते.

गोळ्यांच्या विषयात या सेवेने शिरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. महिन्याच्या शेवटी डब्याच्या पिशवीतून एक पत्रक आले, केस गळू नयेत म्हणून चघळायच्या गोड गोळ्यांचे, १,४०० रुपयांना एक बाटली. केस गळतात हे खरे आहे. माझे चौथ्या महिन्यात मूठ मूठ गेले आणि आठव्या महिन्यात कपाळावर बारीक नवे केस उगवले. वजन झपाट्याने उतरण्याचा शरीराला जो धक्का बसतो त्याने हे होते. प्रथिने आणि लोह नीट मिळत राहणे, हाच त्यावर पहिला इलाज. शस्त्रक्रियेनंतर ज्या गोळ्या खरोखर जन्मभर घ्याव्या लागतात त्या वेगळ्या: बहुजीवनसत्त्वे, बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह आणि कॅल्शियम, तेही शक्यतो सायट्रेट स्वरूपातले, कारण ते शोषले जाण्यासाठी जठरातल्या आम्लावर अवलंबून नसते. चघळायच्या गोड गोळ्यांमध्ये यांतले पुष्कळसे नसतेच. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतले तर लोह नीट शोषले जात नाही, म्हणून दोहोंत किमान दोन तास सोडायचे, आणि लोहाच्या आगेमागे चहा नको. हा शेवटचा नियम पाळताना मी जेवढी चिडले तेवढी साऱ्या शस्त्रक्रियेत चिडले नाही. पत्रक मी रद्दीत टाकले. सेवेने त्याबद्दल पुन्हा विचारले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवते.

पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात मऊ अन्न सुरू झाले आणि डब्याचा दर्जा खालीवर होऊ लागला. काही पदार्थ अप्रतिम होते. ओले बोंबील फक्त हळद-मीठ आणि कोकमाच्या आगळात शिजवलेले, काटा काढलेले, जिभेवर ठेवताच विरघळणारे. कुळथाचे पिठले, भाकरीवाचून, नुसते चमच्याने खायला सैलसर केलेले. मूगडाळीचे धिरडे, तळहाताच्या निम्मे, आत किसलेले पनीर. हे तिन्ही पदार्थ माणसाने मुद्दाम जाऊन खावेत असे. याउलट टोफूची भुर्जी दर वेळी रबरासारखी कोरडी निघे, आणि कोरडे, चिवट असे काहीही या नळीला चालत नाही. चिकनसुद्धा पुन्हा गरम केले की दोऱ्यासारखे होते आणि अडकते. नाचणीचे सत्त्व ‘प्रथिनयुक्त’ म्हणून पाठवत, तेही मला पटले नाही. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, पण प्रथिने बेताची, आणि शंभर मिलिलिटरच्या पोटात पिष्टमय पदार्थाने जागा अडवली की मग पनीरला किंवा माशाला जागा उरत नाही. ताटात आधी प्रथिने, मग भाजी, आणि जागा राहिलीच तर भात-भाकरी, असा उलटा क्रम इथे असतो. वरणभातावर वाढलेल्या माणसाला तो पचनी पडायला वेळ लागतो. या शेवटच्या दोन आठवड्यांत ७२० रुपये देणे मला जड वाटले.

पोहोचवण्याची व्यवस्था एरवी चोख होती, पण जुलैतल्या एका मुसळधार दिवशी पिशवी सकाळी आठऐवजी साडेअकराला आली. निरोप दहाला मिळाला. इतर कोणत्याही डब्याला हे चालून गेले असते. इथे दिवसाचे सहा टप्पे घड्याळाला बांधलेले असतात आणि एक चुकला की तो नंतर भरून काढता येत नाही, कारण दोन डबे एकदम पोटात मावत नाहीत. त्या दिवशी यजमानांनी ताकात भुकटी कालवून वेळ निभावली. रविवारची सुट्टीही सुरुवातीला मला अन्यायाची वाटली होती. माझे पोट रविवारी सुट्टी घेत नाही, असे मी त्यांना थोड्या तिरकसपणे कळवलेही होते. नंतर लक्षात आले की आमचे घर जे काही शिकले ते रविवारीच शिकले. पहिल्या रविवारी कढण करपले, दुसऱ्या रविवारी मुलीने मोजून २० ग्रॅम कुळीथ भाजले, आणि सहाव्या रविवारी सासूबाईंनी केलेले पिठले काकूंच्या पिठल्याच्या तोडीस तोड होते. तेव्हाच मी ठरवले की सातवा आठवडा लावायचा नाही. आहारतज्ज्ञ बाई तीन महिन्यांचे सवलतीचे पॅकेज सुचवत होत्या, आणि एकट्या राहणाऱ्या माणसाला ते कदाचित उपयोगी पडेलही. घरात रोज चूल पेटत असेल तर पहिले चार आठवडे हा डबा पुरे. त्यातही पहिले दोन आठवडे पैसे हातचे न राखता द्यावेत असे आहेत.

ज्यांची बायपास प्रकारची, म्हणजे जठराची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडण्याची, शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी यादी ठरवण्याआधी गुळासाखरेबद्दल आवर्जून बोलून घ्यावे. टोमॅटोच्या सारात काकू सुपारीएवढा गूळ घालतात. मला त्याचा त्रास झाला नाही, परंतु बायपासमध्ये गोड पदार्थ लहान आतड्यात झपाट्याने उतरतो आणि घाम, धडधड, मळमळ, जुलाब असा त्रास होऊ शकतो. स्लीव्हमध्ये हे कमी प्रमाणात होते, होतच नाही असे नाही. शाकाहारी मंडळींनी अळणी आणि बोंबलांच्या जागी काय मिळणार, हे आधी लिहून घ्यावे, कारण त्यांच्या शाकाहारी यादीत पनीर आणि चक्का यांचीच पालटून पालटून पाळी येते, असे तिथेच डबा लावलेल्या एका बाईंकडून ऐकले.

आज नऊ महिन्यांनी माझे वजन ७८ किलो आहे, मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या आहेत आणि झोपेचे यंत्र माळ्यावर गेले आहे. मऊ पोळी अजूनही पोटात गोळा होऊन बसते. भाकरीचा खरपूस पापुद्रा मात्र चालतो, म्हणून आमच्याकडे भाकरी भाजली की पापुद्रा माझा आणि खालचा जाड भाग यजमानांचा, अशी वाटणी झाली आहे. सेवा बंद करताना बारा डबे परत द्यायचे होते. मी अकरा दिले, बारावा ठेवून घेतला, आणि अनामतीतून त्याचे पन्नास रुपये कापून त्यांनी साडेपाचशे परत पाठवले. झाकणावर चार हा आकडा असलेला तो डबा घेऊन मी गणपतीत चुलत जावेकडे जेवायला गेले होते. तिने ताट वाढायला घेतले, तेव्हा मी डबा पुढे केला आणि म्हटले, “वहिनी, यात मावेल तेवढंच.” तिने आधी डब्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि एक मोदक घेऊन तो आत बसतो का हे पाहिले. बसला नाही. तिने सुरीने त्याचा नेमका अर्धा केला, सारणाची बाजू आत ठेवली आणि झाकण लावून पाहिले.